वाढीव खोली: इन्सुलेशनची रेघ कुठे तुटते

वाढीव खोलीचा उभा छेद कागदावर काढा आणि पेन्सिल जमिनीच्या इन्सुलेशनवर टेकवा. तिथून भिंतीवर चढा, छतावरून पलीकडे जा, दुसऱ्या भिंतीवरून उतरून पुन्हा जमिनीवर या. ही फेरी पेन्सिल न उचलता पूर्ण व्हायला हवी. जिथे उचलावी लागते तिथून उष्णता ये-जा करणार, ओल धरणार आणि पुढे बुरशीही तिथेच दिसणार. असाच दुसरा छेद आडवा काढा. त्यात पेन्सिल हमखास अडते ती जुनं घर आणि नवं बांधकाम जिथे भेटतं तिथे. ग्लासवूल किती जाड घ्यावं यावर लोक तासभर वाद घालतात आणि हा सांधा मात्र सिमेंटने लिंपून मोकळे होतात.

म्हणून जाडीचा विषय आधी संपवू. आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, येते मीटरमधली जाडी भागिले त्या मालाचा लॅम्डा करून. लॅम्डा म्हणजे माल उष्णता किती वाहू देतो तो आकडा, जितका कमी तितका चांगला. ग्लासवूलचा लॅम्डा साधारण ०.०३२ ते ०.०४४, रॉकवूलचा ०.०३४ ते ०.०४०, थर्माकोलचा ०.०३१ ते ०.०३८, एक्सपीएस बोर्डाचा (थर्माकोलचाच दाट, घट्ट भाऊ) ०.०२९ ते ०.०३६ आणि पीआयआर बोर्डाचा (पॉलीआयसोसायनुरेट नावाच्या फोमचा) ०.०२२ ते ०.०२८. पाकिटावर आर-२० असं अमेरिकी पद्धतीने छापलेलं असेल तर ५.६७८ ने भागा, म्हणजे मेट्रिकमध्ये ३.५ येतं. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याची चूक अगदी सर्रास होते.

पण पाकिटावरचा आकडा पाकिटातल्या मालाचा असतो, भिंतीचा नव्हे. लाकडी फ्रेमची भिंत घ्या, स्टडची, म्हणजे फ्रेमच्या उभ्या खांबपट्ट्यांची, खोली १४० मिमी. मधे ०.०३६ लॅम्डाचं ग्लासवूल भरलं तर तिथली आर-व्हॅल्यू ३.८९. स्टडच्या लाकडाचा लॅम्डा ०.१३, म्हणजे त्या पट्टीत आर-व्हॅल्यू जेमतेम १.०८. उभे स्टड, वरखालच्या पट्ट्या, खिडकी-दारांभोवतीच्या जोडपट्ट्या मिळून भिंतीचा पाचवा भाग लाकडाचा असतो असं धरा, खरं तर तो बऱ्याचदा त्याहून जास्तच भरतो. क्षेत्रफळाच्या प्रमाणात हिशोब केला की अख्ख्या भिंतीची आर-व्हॅल्यू २.५६ वर येते. तिसरा हिस्सा तिथेच गेला. आता या फ्रेमवर बाहेरून सलग ५० मिमी थर्माकोलचा थर दिला (लॅम्डा ०.०३५) की १.४३ ची भर पडून बेरीज ४ होते. स्टडच्या पोकळीत आणखी महाग माल कोंबण्यापेक्षा हा सलग थर जास्त काम करतो, कारण तो लाकडावरूनही जातो. फ्रेम पत्र्याच्या स्टडची असेल तर हा थर ऐच्छिक समजूच नका. पोलाद उष्णता इतकी वाहतं की पोकळीतल्या इन्सुलेशनची ताकद निम्म्याच्या आसपास उरते.

मालाचा अंदाज काढणं सोपं आहे. समजा खोली ५ बाय ४ मीटर, उंची २.७ मीटर, आणि ५ मीटरची एक बाजू जुन्या घराला चिकटलेली. बाहेरच्या भिंतींची लांबी ५ + ४ + ४ = १३ मीटर, क्षेत्रफळ ३५.१ चौरस मीटर. १.५ बाय १.२ च्या दोन खिडक्या आणि ०.९ बाय २.१ चं एक दार वजा केलं की उरतात २९.६. त्यातलं २० टक्के लाकूड काढलं की २३.७, आणि कापाकापीचे १० टक्के धरून मागवायचं २६ चौरस मीटर. बाहेरच्या सलग थरासाठी मात्र लाकूड वजा करायचं नाही.

जुन्या-नव्याचा सांधा

इथे तीन जागा आहेत आणि तिन्हींचे रोग वेगळे.

पहिली जागा भिंतीची. नवी भिंत जुन्या भिंतीला काटकोनात येऊन भिडते. जुनी भिंत भरीव विटांची, बिनइन्सुलेशनची असेल तर ती सांध्यापाशी थांबत नाही, पुढे बाहेर तशीच उघडी चालू राहते. नव्या भिंतीत कितीही जाड माल भरा, उष्णता जुन्या विटांमधून त्या सांध्याला वळसा घालून जाते. त्यामुळे थंड हवेत खोलीचा तो कोपरा सगळ्यात गार असतो आणि कपाट नेमकं तिथेच ठेवलं की मागे बुरशी. उपाय दोन. बाहेरून करता येत असेल तर नव्या भिंतीचा बाहेरचा थर जुन्या भिंतीवर निदान अर्धा मीटर पुढे न्यायचा. ते शक्य नसेल तर आतल्या बाजूने जुन्या भिंतीवर तेवढ्याच रुंदीची २० ते ३० मिमी बोर्डाची पट्टी वळवून घ्यायची. आतली पायरी दिसायला नको असेल तर ती पट्टी भिंतभर न्या. रुंदी थोडी वाया जाते, पण गिलाव्याची रेषा सरळ राहते.

जुनी भिंत दुहेरी, मधे पोकळी असलेली असेल तर प्रकरण आणखी नाजूक. पोकळीतून बाहेरची हवा फिरते, ती नव्या भिंतीच्या सांध्यात शिरते. शिवाय वरच्या भिंतीत मुरलेलं पावसाचं पाणी आजवर पोकळीतून खाली उतरून बाहेर जात होतं. आता खाली नवी खोली आहे. नव्या छपराच्या वर पोकळीत पाणी अडवून बाहेर काढणारा तिरका पन्हाळ बसवला नाही तर ते पाणी तुमच्या नव्या छताच्या कडेला टपकतं. मग ‘इन्सुलेशन भिजलं’ म्हणून इन्सुलेशनला दोष. भिंतीत पोकळी आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वी एक छोटं भोक पाडून बघा.

दुसरी जागा छपराची. नवं छप्पर जुन्या छपराच्या वळचणीला येऊन टेकतं आणि तिथल्या हवेच्या झिरपा, म्हणजे हवा आत शिरायच्या फटी, बंद करून टाकतं. जुन्या माळ्याला हवा मिळायची ती याच झिरपांतून. ती तुटली की वाढीव खोली उत्तम, पण जुन्या माळ्यावर वाशांना ओल. बंद झालेल्या झिरपांची भरपाई दुसरीकडून, कौलात किंवा आढ्यापाशी झरोके देऊन करावी लागते. उलटाही दोष असतो: दोन्ही माळ्यांमध्ये मोकळी वाट राहते आणि जुन्या माळ्यावरची तापलेली किंवा गारठलेली हवा नव्या खोलीच्या छतावर येऊन बसते. त्या वाटेत बोर्ड ठोकून चारही कडा सिलंटने (फटी बुजवायच्या लवचिक लुगदीने) बंद करा. नुसतं ग्लासवूल कोंबून हवा अडत नाही. ते फक्त हवा गाळतं, आणि काही काळाने काळं पडलेलं ग्लासवूल दिसलं की हवा कुठून वाहत होती ते कळतं.

तिसरी जागा जमिनीची. जुन्या घराला लाकडी तक्तपोशी, म्हणजे तुळयांवर फळ्यांची जमीन, असेल तर जोत्यात हवेसाठी जाळ्या असतात. नवा कोबा त्यांच्या तोंडावर येतो. त्या बुजवू नका, कोब्याखालून नळ्या टाकून नव्या जोत्याबाहेर काढा, आणि इन्सुलेशन त्या नळ्यांच्या वरून न्या. कोबा ओतल्यावर ही चूक दुरुस्त करायला ब्रेकरच लागतो.

आता प्रत्यक्ष फट. जुनं बांधकाम बसून स्थिर झालेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. दोन्ही एकमेकांत घट्ट जोडून वरून गिलावा केला की भेग पडणारच, आणि भेग पडली की हवेचा रस्ता झाला. म्हणून तिथे मुद्दाम १२ मिमीचा हलता सांधा ठेवा. त्यात १५-१६ मिमी व्यासाचा बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवा. रॉड फटीपेक्षा साधारण पाव पट जाड हवा, नाहीतर तो आत सरकतो. त्यावर सिलंटचा ६ मिमी थर, म्हणजे रुंदीच्या निम्मी खोली. सिलंट दोनच बाजूंना चिकटायला हवा. रॉड न घालता फट तळापर्यंत सिलंटने भरली की तो तीन बाजूंनी धरला जातो, त्याला ताणायला जागा उरत नाही आणि पहिल्या हालचालीतच कडेने सुटतो. सिलंट जास्त ओतला म्हणजे सांधा जास्त पक्का, हा समज इथे नेमका उलटा पडतो.

आधी हवा, मग ग्लासवूल

क्रम असा: वायरिंग आणि नळ, मग हवेच्या फटी बंद करणं, मग इन्सुलेशन, मग गरज असेल तो बाष्परोधक थर, शेवटी जिप्सम बोर्ड. लाकूड ओलं असताना भिंत बंद करू नका. ओलावा मोजायच्या मीटरवर १९ टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय बोर्ड ठोकायचा नाही.

फटी कुठे शोधायच्या? फ्रेमची तळपट्टी जिथे कोब्यावर बसते ती रेषा, वायर आणि नळ जिथे वरच्या-खालच्या पट्टीतून जातात ती भोकं, खिडकीच्या चौकटीभोवतीची मोकळी जागा, आणि लाकडी तक्तपोशी असेल तर तुळयांच्या टोकांमधले चौकोन. या चौकोनांत ५० मिमी एक्सपीएसचे तुकडे चारही बाजूंनी ५ ते १० मिमी लहान कापून बसवा आणि उरलेली फट फोमच्या डब्याने (फवारल्यावर फुगणारा फोम) भरा. तुकडा घट्ट बसवायच्या नादात कडेला केसाएवढी फट राहते, तिच्यात फोमही शिरत नाही. मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली बरी. फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून हवा कोरडी असेल तर आधी पाण्याचा हलका फवारा मारा. डबा उलटा धरा आणि फट अर्धीच भरा, बाकी तो फुगून भरतो. चौकटीभोवती कमी फुगणाराच फोम वापरा. साध्या फोमने चौकट आत दाबली जाते आणि खिडकी घासायला लागते. खिडकीच्या खालच्या पट्टीची बाहेरची कड मोकळी ठेवा, आत शिरलेल्या पाण्याला तिथूनच बाहेर पडायचं असतं. आणि हातमोजे विसरू नका. ओला फोम अॅसिटोनने निघतो, वाळलेला फक्त कातडीसकट.

ग्लासवूल बसवणं सोपं दिसतं म्हणूनच ते वाईट बसवलं जातं. पट्टा पोकळीपेक्षा १० ते १५ मिमी रुंद कापा, म्हणजे तो स्वतःच्या दाबाने उभा राहतो. कापताना खाली प्लायचा तुकडा, वर सरळ पट्टी, पट्टीवर गुडघा दाबून माल चपटा करायचा आणि लांब पात्याच्या कटरने एका ओढीत कापायचं. करवतीसारखं पुढेमागे केलं की कडा फाटतात. रॉकवूलला मात्र दातेरी सुरीच लागते.

आता पोकळीतून आडवी वायर जाते आहे असं समजा. पट्टा वायरवरून तसाच दाबला तर वायरच्या मागे उभी पोकळ नळी तयार होते आणि तिच्यातून हवा खालीवर फिरत राहते. पट्टा हातांनी जाडीत मधोमध उकला, शिळी चपाती उकलावी तसा, अर्धा वायरच्या मागे घाला आणि अर्धा पुढे. स्विचच्या बॉक्सपाशी पट्टा आधी मागे पूर्ण सरकवा, मग पुढून बॉक्सच्या आकाराचा तुकडा कापून काढा आणि तोच तुकडा बॉक्सच्या मागच्या जागेत बसवा. नळाच्या बाबतीत नियम वेगळा: थंड हवेत सगळं इन्सुलेशन नळाच्या बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला काही नाही, म्हणजे नळ घराच्या उबेत राहतो. शक्य असेल तर नळ बाहेरच्या भिंतीत घालूच नका. शेवटी पट्टा पुढे ओढून स्टडच्या तोंडाशी सपाट करा. जाड पट्टा कमी खोलीच्या पोकळीत ठासल्याने फायदा नाही, दाबला गेल्यावर त्याची एकूण आर-व्हॅल्यू छापील आकड्याच्या खाली जाते.

अंगभर कपडे, चष्मा, एन-९५ मास्क हवेतच. काम झाल्यावर आधी न चोळता गार पाण्याने हात धुवा. जुनी भिंत किंवा माळा उघडताना अॅस्बेस्टॉसची शंका आली तर तपासणी होईपर्यंत हात लावू नका. हे घरी करायचं काम नव्हे.

पीव्हीसीची वायर थर्माकोलला किंवा एक्सपीएसला थेट चिकटू देऊ नका. वायरीच्या आवरणातला मऊपणा आणणारा घटक हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. वायर नळीतून न्या. कुठलाही फोम बोर्ड खोलीत उघडा ठेवायचा नाही, त्यावर निदान १२.५ मिमी जिप्सम बोर्ड हवाच, आगीसाठी.

बाष्परोधक थर कुठल्या बाजूला

यावर सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात, कारण सल्ला एका हवामानातला आणि घर दुसऱ्या. नियम एकच: बाष्प ज्या बाजूने जास्त काळ येतं, ती गरम-दमट बाजू. थर लागत असेल तर तो त्या बाजूला.

थंड प्रदेशात खोलीत २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचं दव १० अंशांवर पडतं. बाहेर शून्य असेल तर भिंतीत कुठेतरी १० अंशांची जागा येणारच. खोलीतली हवा तिथपर्यंत पोहोचू नये म्हणून थर आतल्या बाजूला, जिप्सम बोर्डाच्या लगेच मागे. उष्ण-दमट ठिकाणी चित्र उलटं. बाहेर २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दव २४ अंशांवरच पडतं, आणि एसी खोली २३ वर ठेवतो. अशा भिंतीत आतून प्लॅस्टिक लावलं की बाहेरून आलेलं बाष्प त्या प्लॅस्टिकच्या मागच्या अंगाला पाणी होऊन बसतं आणि जिप्सम बोर्ड मागून सडतो. तिथे आत प्लॅस्टिक नको, आणि भिंतीला चिकटणारा विनाइलचा वॉलपेपरही नको. वर्षात दोन्ही टोकं येत असतील तर प्लॅस्टिकऐवजी आर्द्रतेप्रमाणे उघडमीट करणारी पडदी वापरा. दोन्ही बाजूंना बाष्परोधक थर कधीच नाही, अशी भिंत एकदा भिजली की वाळत नाही.

आणि एक लक्षात घ्या: भिंतीच्या मालातून झिरपणाऱ्या बाष्पापेक्षा फटीतून हवेबरोबर वाहत जाणारं बाष्प कितीतरी पट जास्त असतं. प्लॅस्टिकवर खर्च करून स्विचबोर्डाभोवतीच्या फटी तशाच ठेवल्या तर काम उलट्या टोकाने केलं.

छत, जमीन, विटांची भिंत

छपराला माळा असेल तर पहिला थर तुळयांच्या मध्ये आणि दुसरा त्यांना आडवा, म्हणजे तुळयाही झाकल्या जातात. वळचणीपाशी हवेसाठी ५० मिमी वाट मोकळी ठेवा. छतात बसवलेले दिवे इन्सुलेशनने झाकायला चालतात का ते त्यांच्यावर पाहा, चालत नसतील तर भोवती ७५ मिमी मोकळं. माळ्याच्या झाकणावरही बोर्ड चिकटवा आणि कडेला रबरी पट्टी. हे झाकण विसरण्यात बहुतेकांचं एकमत असतं.

काँक्रीटचा सपाट स्लॅब असेल तर इन्सुलेशन वरून द्या. खालून दिलं तर खोलीला थोडा दिलासा मिळतो, पण स्लॅब स्वतः उन्हात तापत आणि रात्री निवत राहतो. पाच मीटरचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने दीड मिलिमीटर हलतो, आणि रोजच्या या हालचालीने वॉटरप्रूफिंग फाटतं. वॉटरप्रूफिंगच्या वर एक्सपीएस, त्यावर कापडासारखा गाळणीचा थर, त्यावर फरशी किंवा खडीचं वजन. इथे थर्माकोल नको, तो पाणी पितो. स्लॅबवर हे वजन चालेल का, हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारूनच.

जमिनीत ओलरोधक कागदावर बोर्ड, बोर्डावर पुन्हा प्लॅस्टिक, मग कोबा निदान ६५ मिमी. मधलं प्लॅस्टिक नसेल तर सिमेंटचं पाणी बोर्डांच्या सांध्यांत उतरून घट्ट होतं आणि उष्णतेला पूल मिळतो. कोब्याच्या कडेने भिंतीलगत २५ मिमीची उभी बोर्डपट्टी हवीच, पेन्सिलची रेघ जमिनीवरून भिंतीवर जाते ती याच पट्टीतून.

विटांच्या भिंतीला आतून बोर्ड लावताना चिकटद्रव्याचे ठिपके देऊन बोर्ड चेपायची पद्धत सोडा. ठिपक्यांच्या मध्ये हवा फिरते आणि बोर्डाच्या मागे गार वारा. प्रत्येक बोर्डाच्या चारही कडांना सलग पट्टा, मग मधे ठिपके. चमकदार फॉइलचा बोर्ड असेल तर फॉइलचा फायदा तिच्यासमोर २० ते २५ मिमी हवेची पोकळी असेल तरच. गिलावा थेट फॉइलला टेकला की ती फक्त बाष्परोधक उरते.

चाचणी जिप्सम बोर्ड ठोकण्याआधी करा. खिडक्या-दारं बंद, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे चालू, आणि पेटती उदबत्ती सांध्यांलगत, चौकटींलगत, तळपट्टीलगत फिरवायची, पण तिचा निखारा फोमला किंवा प्लॅस्टिकला लागू न देता. फोम अजून ओला असेल तर चाचणी दुसऱ्या दिवशी. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, आडवा पळाला तिथे पेन्सिलीने खूण. खुणा बंद झाल्या की प्रत्येक भिंतीसमोर मोजपट्टी उभी धरून फोटो काढा, वायर आणि नळ त्यात स्पष्ट दिसतील असे. त्यानंतरच पहिला बोर्ड उचला.